गेम खेळतो म्हणजे वाया गेला, हे घरच्यांच्या डोक्यातून काढायचं कसं?

कृष्णाकाठचा_आयजीएल

नमस्कार मंडळी, इथं पहिल्यांदाच लिहितोय, जरा लांब होईल पण पूर्ण वाचा आणि मग काय ते स्पष्ट सांगा.

मी इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहे, मेकॅनिकल. सांगलीत रूम करून राहतो, गाव वाळवा तालुक्यात. घरी ऊस, दोन म्हशी, पप्पा सकाळी डेअरीला दूध घालून तसेच रानात जातात. मी बीजीएमआय खेळतो, फोनवरचा बंदुका घेऊन टीमनं लढायचा गेम. रोज खेळतो, लपवत नाही. आणि एवढ्या एका गोष्टीवरून घरात, पाहुण्यांत, कॉलेजात माझ्याबद्दल जे काय ठरवून टाकलंय ते आता सहन होईना झालंय.

माझा दिवस सांगतो म्हणजे कळेल. सकाळी सहाला उठायलाच लागतं कारण रूमवरचं पाणी साडेसातला जातं. नऊपासून लेक्चर, मग मेस, दुपारी प्रॅक्टिकल, आत्ता हीट ट्रान्सफरची जर्नल सर्टिफाय करून घ्यायला सरांच्या केबिनबाहेर आमची लाइन लागलेली असते. संध्याकाळी आठवी-नववीच्या पोरांची गणिताची शिकवणी घेतो, त्यातून मेसचं बिल निघतं, घरून फक्त रूमचं भाडं घेतो. जेवून साडेनऊला लॉगिन, साडेअकराला बंद. परीक्षेच्या आधी गेम काढूनच टाकतो फोनमधून. शनिवारी गावी. आमच्याकडं शेतीची लाइट कधी दिवसपाळीला कधी रात्रपाळीला असते, रात्रपाळी असली की मोटर चालू करायला आणि उसाला पाण्याची दारं मोडायला मीच जातो, पप्पांचा गुडघा दुखतो म्हणून. आतापर्यंत एकही विषय राहिलेला नाही.

हे सगळं दिसत नाही कुणाला. दिसतं काय तर पोरगं फोन आडवा धरून बसलंय.

गेमची सुरुवात कशी झाली ते पण सांगतो. आम्ही २०२१ ची दहावीची बॅच, आमची बोर्डाची परीक्षाच झाली नाही. वर्षभर शाळा फोनवर, फोन पण त्यासाठीच घेतलेला. गावात कुणी कुणाच्या दारात जात नव्हतं, मी आणि आजी घरात, आणि त्या जुलैत बीजीएमआय आलं. तेव्हा जी चौघांची टीम जमली ती आजपण आहे. एकजण जळगावकडचा, मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात कामाला. एक गुवाहाटीचा, बी.कॉम. करतोय. एक केरळचा, नर्सिंगला आहे. मला शाळेत हिंदीत दोन वाक्यं धड जोडता येत नव्हती, आज मी मॅचभर हिंदीतून कॉल देतो. मी टीमचा आयजीएल आहे, म्हणजे कुठं उतरायचं, झोन, म्हणजे नकाशातला सुरक्षित भाग, सरकला की कुठल्या बाजूनं आत शिरायचं, गाडी घ्यायची का पायी जायचं, हे मी ठरवतो. शंभर जण मैदानात असतात आणि चुकीचा कॉल दिला की चौघंही जातात. लोक म्हणतात गेमवाला एकलकोंडा असतो. अहो दोन तास चार माणसं एकमेकांशी अखंड बोलत असतात, एकलकोंडा कुठून आला? केरळवाल्याच्या आजोबांचं झालं त्या रात्री आम्ही कुणी गेम उघडला नाही, फक्त कॉलवर बसलो होतो.

आता मूळ विषय. मागच्या महिन्यात चुलत बहिणीचं लग्न झालं. हळदीच्या दिवशी भरल्या मांडवात मामा म्हणाले, "ह्याला कशाला काम सांगताय, हा गोळ्या झाडण्यात गुंतलेला असणार." सगळे हसले. मी तेव्हा सकाळपासून वाढप्यांच्या मागं पळत होतो, हातात पत्रावळ्यांचा गठ्ठा होता. मामांचं मला एवढं नाही लागलं. पप्पा तिथंच बसलेले, ते खाली बघत राहिले, एक शब्द बोलले नाहीत, ते लागलं. कॉलेजात पण तेच, एक सर सगळ्यांसमोर विचारतात काय रे कितवा नंबर आला रात्री. आणि माझा रूममेट रोज तेवढाच वेळ ऑनलाइन बुद्धिबळ खेळतो, पाच पाच मिनिटांचे डाव, त्याला तेच सर हुशार म्हणतात. त्याच्यावर राग नाही माझा, चांगला खेळतो तो. पण मग मला वेगळा नियम का?

जानेवारीत पुण्यात इंटर-कॉलेज स्पर्धा आहे, समोरासमोर बसून खेळायची, दोन दिवस. आमच्या कॉलेजच्या चौघांची टीम ऑनलाइन फेऱ्या जिंकून त्यात गेलीये. बाकीचे तिघं म्हणतात घरी सांग प्रोजेक्टचं काम आहे म्हणून, विषय संपला. मला पप्पांशी खोटं बोलायचं नाही. पण खरं सांगायचं तर सुरुवात कुठून करू? ते भांडत नाहीत, ओरडत नाहीत, गप्प होतात. गप्प माणसाला समजवायचं कसं?

ठाण्याचा_जुना_खेळाडू

मित्रा, सगळं वाचलं. खोटं बोलायचं नाही हे तू ठरवलंयस ते बरोबर आहे, त्यावर परत विचार करू नकोस. प्रोजेक्ट म्हणून गेलास आणि उद्या स्पर्धेतला तुझा फोटो कुणाच्या स्टेटसला लागला की वडिलांच्या मनात जी शंका आहे ती कायमची खरी होणार.

मी २००३ च्या आसपास हॉस्टेलला होतो. आमच्या विंगमध्ये केबल ओढून लॅन केलेलं, म्हणजे सगळ्यांचे कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले, काउंटर स्ट्राइक आणि एज ऑफ एम्पायर्स, रविवारी रात्री तर गर्दी व्हायची. आमच्यातले दोघं आज डॉक्टरेट झालेत, एकजण बँकेत मोठ्या पदावर आहे, एकाचं शिक्षण अर्धवट सुटलं आणि त्याचं कारण घरची परिस्थिती होती. तरी गावात आजही सांगतात की गेमपायी गेला. लोकांना एक सोपं कारण लागतं, ते हाताशी असलं की मागचं कुणी बघत नाही.

एक गोष्ट मात्र घरी बोलताना टाळ. "पप्पा, यात करिअर आहे, लाखो रुपये मिळतात" हे सांगू नकोस. खरं आहे की २०१८ च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये, प्रदर्शनीय प्रकार होता तो, भूजच्या तीर्थ मेहतानं हर्थस्टोन या पत्त्यांच्या व्हिडिओ गेममध्ये ब्राँझ आणलं. हे पण खरं की डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं ई-स्पोर्ट्सला, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळायच्या व्हिडिओ गेमला, क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत घेतलं आणि पुढच्याच वर्षी हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये ते मेडलचा खेळ म्हणून झालं. पण त्यावर पोट भरणारी माणसं फार थोडी. तुझे वडील ऊस लावतात, त्यांना आकड्यांचा हिशोब तुझ्या-माझ्यापेक्षा चांगला कळतो, फुगवलेलं सांगितलंस तर त्यांचा विश्वास कमी होईल. मला हे आवडतं, मी यात चांगला आहे, माझं शिक्षण नीट चाललंय, दोन दिवस जाऊन येतो. एवढंच सांग. आवड असायला पैशाचं कारण लागत नाही, गावात भजनाला जाणाऱ्याला कुणी विचारतं का त्यात करिअर काय?

आणि आईला आधी विश्वासात घे. आया बऱ्याचदा चिडतात त्या गेमवर नाही, जेवायला हाक मारल्यावर "पाच मिनिटं" म्हणून अर्धा तास न उठण्यावर. त्यांना माहीतच नसतं की ऑनलाइन मॅच मध्येच थांबवता येत नाही, तू उठलास तर बाकीचे तिघं अडकतात. त्यामुळं मॅच सुरू करायच्या आधी विचारायचं, जेवायला किती वेळ आहे. आमच्या घरी मुलाला हा नियम लावला आणि रोजची कटकट थांबली.

वऱ्हाडी_सेंटिनल

मी नागपूरची, फार्मसी लास्ट इयर, व्हॅलोरंट खेळते, पाच-पाच जणांच्या टीमचा कॉम्प्युटरवरचा बंदुकांचा गेम. दादा तुझी पोस्ट वाचून एकदम लिहावंसं वाटलं कारण तुला निदान गेमर म्हणून नावं ठेवतात, आम्हाला तर गेमर पण म्हणत नाहीत. माझ्या हॉस्टेलमधल्या मैत्रिणींना पण वाटते की भाऊ खेळत असेल, ही बाजूला बसून बघते. मी सेंटिनल म्हणजे राखणदार खेळते, किलजॉय नावाचं पात्र, समोरच्यांना बॉम्ब लावायचा असतो ती जागा, म्हणजे साइट, धरून ठेवायचं काम माझं, समोरची टीम आत घुसली तर पहिली मीच असते.

माइक चालू केला की पहिल्या राउंडलाच विचारणार, लडकी है क्या, आवाज किती बारीक आहे, इन्स्टा दे. हरलो तर मग विचारूच नको काय काय ऐकावं लागते. मी दीड-एक वर्ष माइक बंद ठेवून खेळले, फक्त टाइप करून सांगायची, आणि या खेळात टाइप करण्यात वेळ गेला की माणूस मेलाच. आता पाच जणींची टीम आहे आमची, अमरावती, नाशिक, गोवा, इंदूर आणि मी. त्यात माइक चालू असतो आणि मी किती मोठ्यानं ओरडते ते माझ्या आईला विचारा. २०२१ पासून व्हॅलोरंटमध्ये मुलींसाठी गेम चेंजर्स नावाची वेगळी मालिका आहे जगभर, ते बघूनच आम्हाला वाटलं की जमवू आपण पण.

सांगायचं काय तर गेमर म्हणजे चष्मा लावलेला, अंधारात बसलेला, चिप्स खाणारा मुलगा हे चित्र बाहेरच्यांनी काढलंय हे ठीक आहे, पण आतले लोक पण तेच चित्र धरून बसलेत. तुझ्या टीममध्ये कुणी मुलगी आली तर तिला नीट बोलू द्या, एवढं कर. बाहेरच्यांनी आपल्याला समजून घ्यावं असं वाटत असेल तर आतलं पण साफ करावं लागेल ना.

घरचं म्हणशील तर मी बाबांना एकदा शेजारी बसवून पूर्ण मॅच दाखवली. तेरा राउंड जिंकेपर्यंत ते हलले नाहीत. त्यांना कॅरमचं वेड आहे, म्हणाले काहून गं, ही तर सगळी कोनाची भानगड आहे. तेव्हापासून विचारतात, आज कोणता नकाशा होता.

बाई_ज्युनिअर_कॉलेज

मी लातूर जिल्ह्यात अकरावी-बारावीला शिकवते, बावीस वर्षं झाली. सगळे जण बाळाची बाजू घेताहेत म्हणून मला दुसरी बाजू मांडू द्या, रागावू नका.

माझ्या वर्गात पहिल्या तासाला डोळे उघडे न राहणारी मुलं आहेत. एका मुलानं फोन काढून घेतला म्हणून आईवर हात उचलला, ती आई माझ्यासमोर बसून रडलेली आहे. नीटची तयारी करायला आईबापांनी जमीन गहाण टाकून इथं आणून ठेवलेली मुलं रात्री दोनपर्यंत खेळतात आणि आम्हाला सांगतात की माझा कंट्रोल आहे. हे वाक्य सगळेच म्हणतात, ज्याचा आहे तोही आणि ज्याचा नाही तोही. मग आम्ही ओळखायचं कसं? तुमच्या सरांनी सगळ्यांसमोर टोमणा मारला ते चूकच, शिक्षकानं असं बोलू नये. पण तुमच्या वडिलांच्या जागी बसून बघा. त्यांनी बातम्यांत जे ऐकलं, गावात जे पाहिलं, त्यावरूनच ते घाबरणार.

बाळा, तू झोपतोस किती? आणि एखाद्या दिवशी खेळायला नाही मिळालं तर तुझं काय होतं? हे दोन प्रश्न मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला विचारते. तुला अपमान वाटेल म्हणून नव्हे, तू लिहिलेलं वाचून तुझ्याबद्दल आपुलकी वाटली म्हणून विचारते.

कृष्णाकाठचा_आयजीएल

बाई, अपमान कशाचा, उलट तुम्ही विचारलं हेच खूप झालं, माझ्या कॉलेजात कुणी विचारलं नाही अजून, सगळ्यांनी डायरेक्ट निकाल दिला.

झोप बाराच्या आत लागते, सहाला उठतो, म्हणजे सहा तास, कमी आहे ते मान्य, पण माझ्या रूमच्या मजल्यावर सगळ्यांची तेवढीच आहे, रील बघत दोनला झोपणारे तर जास्त आहेत आणि त्यांना कुणी काही म्हणत नाही. खेळायला नाही मिळालं तर वाईट वाटतं, चिडचिड नाही होत. ऊस तोडीला आला की टोळीच्या मागं आठवडा आठवडा गावीच असतो, रेंज पण धड नसते, तेव्हा टीमला सांगून ठेवतो, ते दुसरा कुणीतरी घेऊन खेळतात.

तुमच्या वर्गातल्या पोरांबद्दल वाचून मात्र कसंतरी झालं. आईवर हात उचलणं याला माफी नाही. माझं एवढंच म्हणणं आहे की त्या पोराकडं बघून माझं ठरवू नका.

मिरज_रेसिडेंट

सर्जरीचा रेसिडेंट आहे, ड्युटी चालू आहे, थोडक्यात लिहितो. २००७ साली अमेरिकेत दुर्बिणीच्या ऑपरेशनचा सराव करणाऱ्या सर्जन लोकांवर एक अभ्यास झाला होता, पूर्वी आठवड्याला तीन तासांपेक्षा जास्त व्हिडिओ गेम खेळलेल्यांच्या चुका ३७ टक्के कमी निघाल्या आणि ते २७ टक्के जलद होते. आमच्याकडं सिनिअर सांगतात हे, मी पण सांगतो. पण फक्त तेहेतीस डॉक्टर होते त्यात, आणि गेम खेळल्यामुळं हात चांगला झाला का मुळात हात चांगला म्हणून गेम जमला हे त्यातून कळत नाही. घरी वाद घालताना हे हत्यार म्हणून वापरू नकोस. पडद्यावर बघत हातानं काम करायची सवय मला कामी येते एवढं मी माझ्यापुरतं सांगू शकतो. शिकवणी घेऊन मेसचं बिल भरतोस ना, ते सांग वडिलांच्या पाहुण्यांना, त्याच्यापुढं कुठला अभ्यास नको.

समुपदेशक_पुणे

बाईंनी विचारलेला "ओळखायचं कसं" हा प्रश्न महत्त्वाचा आहे, माझं कामच ते आहे म्हणून नीट लिहिते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, जी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, गेमिंग डिसऑर्डर आहे. म्हणजे हा आजार खरा आहे, कुणी बनवलेला नाही. पण त्याची व्याख्या वाचली तर तासांचा आकडा त्यात कुठंच नाही. खेळावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा खेळ वरचढ होणं, आणि नुकसान समोर दिसत असूनही खेळत राहणं, हे तिन्ही बघायचं असतं, आणि शिक्षण, घर, नाती यात ठळक बिघाड झालेला असायला हवा, साधारण वर्षभर. म्हणून मी पालकांना विचारते की तुमचा मुलगा आधी काय काय करायचा आणि त्यातलं आता काय सुटलंय. मित्रांकडं जाणं सुटलं का, अंघोळ-जेवण सुटलं का, ज्या गोष्टीत जीव होता ती सुटली का. पालक येतात ते स्क्रीनचे तास मोजून येतात, हे उत्तर त्यांच्याकडं नसतं.

उलट बाजू पण बघते मी. काही मुलं खेळात घुसतात कारण बाहेर काहीतरी फार दुखत असतं, कॉलेजात छळ होतोय, नापास झालंय, घरात दारू आहे. तिथं फोन काढून घेतला की त्याचा एकमेव आसरा जातो आणि दुखणं तसंच राहतं. बाईंच्या वर्गातल्या त्या मुलाला आणि त्याच्या आईला दोघांनाही मदत लागेल. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेत २०१४ पासून याच प्रश्नांसाठी वेगळं क्लिनिक आहे, तेवढं लांब जाणं जमत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. बाई, हा नंबर वर्गात फळ्यावर लिहून ठेवाल का?

प्रश्न विचारणाऱ्या मित्रा, तू लिहिलंस त्यात काहीच सुटलेलं दिसत नाही. हे पप्पांना सांगताना गेमपासून सुरुवात करू नकोस. त्यांना विचार की तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते. गप्प माणसाला समजवायला गेलं की तो आणखी गप्प होतो, त्याला विचारलं तर बोलतो.

बार्शीचा_शेतकरी_पोरगा

वरच्या ताईंनी लिहिलं भीती विचार, त्यावरच बोलतो कारण आमच्या घरात घडलंय. माझा थोरला भाऊ पत्ते खेळायचा ॲपवर, पैसे लावून. आधी शंभर, मग पाचशे, मग पगार, मग लोन देणाऱ्या ॲपांवरून घेतलेलं कर्ज, मग वहिनीचे दागिने. आमच्या गावात त्याला सगळे काय म्हणायचे माहितीये का, "गेम खेळतो." आणि शेजारचं सातवीतलं पोरगं फ्री फायर खेळतंय, त्याला पण "गेम खेळतो". म्हाताऱ्या माणसाला हे दोन वेगळे आहेत हे कळायला मार्गच नाही, फोन तोच, बसायची तऱ्हा तीच, जाहिराती पण तेच हिरो-क्रिकेटर करायचे.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं कायदा केला तेव्हा पहिल्यांदा सरकारनं हे दोन स्पष्ट वेगळे केले, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता, एकाच कायद्यात. पण बातमी आमच्याकडं काय पोचली? "गेमवर बंदी आली." माझी आई माझ्या पुतण्याला म्हणाली आता पोलीस धरतील, टाक तो फोन.

भावा तुझे पप्पा मांडवात गप्प का बसले ते मला माहीत नाही. पण ऊसवाला माणूस आहे, त्याला वाटत असेल की पोरगं पैसे लावतंय आणि उद्या सावकार दारात येणार, तर तो चार पाहुण्यांत तोंड उघडणार नाही, खालीच बघणार. आमचे वडील पण असेच बघायचे. एकदा विचार रे. तुझ्या गेममध्ये पैसा कुठं जातो कुठं येतो ते त्यांना बँकेचं पासबुक उघडून दाखव.

कृष्णाकाठचा_आयजीएल

मंडळी, उशिरा लिहितोय, सबमिशन चालू होती.

बार्शीच्या भावा, तुझं वाचलं आणि त्या शनिवारी गावी गेलो. रात्रपाळीची लाइट होती, पप्पा नको म्हणत असताना पण बरोबर आले, मोटर सुरू केली आणि बांधावर बसलो. मी सरळ विचारलं, पप्पा तुम्हाला माझ्या गेमची भीती कशाची वाटते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, किती गेले आतापर्यंत?

मला आधी कळलंच नाही काय विचारतात ते. आमच्या वरच्या आळीत एकानं दीड एकर विकलं मागल्या वर्षी, पोरानं मोबाइलवर घालवले म्हणून, पप्पा त्या व्यवहाराला साक्षीदार होते. त्यांना वाटत होतं मी शिकवणीचे पैसे त्यातच घालतोय आणि मेसची उधारी साचलीये. एवढे महिने ते हे मनात घेऊन फिरत होते आणि मला विचारत नव्हते, कारण विचारलं आणि खरं निघालं तर काय करायचं हे त्यांना माहीत नव्हतं. हे त्यांनी तोंडानं सांगितलं मला. मी तिथंच बँकेचं ॲप उघडून दाखवलं, मेसचं बिल, शिकवणीचे जमा झालेले, सगळं. गेममध्ये कपडे आणि बंदुकांचे रंग विकत मिळतात, ते मी घेत नाही, त्यानं खेळ सुधारत नाही, हे पण सांगितलं. मग त्यांनी विचारलं की पैसा नाही तर एवढं खेळता कशाला. मी म्हणालो तुम्ही तरुणपणी कबड्डीला गावोगाव जायचा ते कशाला. त्यावर त्यांनी कुठल्या गावात कुणाला पकडलं होतं ते सगळं सांगत बसले, पाणी दुसऱ्या सरीत जाऊन फुटायला लागलं तरी आमचं चालूच.

पुण्याला जायला हो म्हणालेत. मामांचं काही बदललं नाही, परवा फोनवर परत तेच बोलले, पप्पांनी त्यांना सांगितलं की पोराचा एकपण विषय राहिलेला नाही, तुमच्याकडं कोण आहे का असा. मी बाजूलाच होतो.

सरांचं अजून काही सुचलेलं नाही. बाई तुमचा सल्ला हवाय यावर, एकट्यानं केबिनमध्ये जाऊन बोलू का जाऊ दे?

बाई_ज्युनिअर_कॉलेज

जा बाळा, एकट्यानं जा आणि मान ठेवून बोल. सर, वर्गात सगळ्यांसमोर विचारता तेव्हा वाईट वाटतं, एवढंच वाक्य. आम्हा शिक्षकांना बऱ्याचदा खरंच कळत नाही की एखादा शब्द मुलगा किती दिवस घेऊन फिरतो. चिडून आणि टीमच्या पोरांना घेऊन मात्र जाऊ नकोस.

१४४१६ नंबर मी दोन्ही वर्गांत लिहिलाय. त्या मुलाच्या आईलाही दिला.

वऱ्हाडी_सेंटिनल

पप्पांचं वाचून खूप बरं वाटलं दादा. आता कामाचं बोलते, समोरासमोरच्या स्पर्धेला पहिल्यांदा चालला असशील तर हॉलमध्ये आवाज फार असतो, पावलांचे आवाज ऐकू येत नाहीत, कानात घट्ट बसणारे वायरचे इअरफोन घेऊन जा. ब्लूटूथवाले नको, आवाज उशिरा येते आणि एवढ्या फोनांच्या गर्दीत तुटते पण. चार्जर दोन न्या. आणि नियम आधी वाच, बऱ्याच ठिकाणी आयोजकांचेच फोन असतात, मग तुझी सेटिंग, सेन्सिटिव्हिटी, बटणांची जागा सगळं कागदावर लिहून ने, तिथं आठवत नाही काही.

कृष्णाकाठचा_आयजीएल

फोन आपलेच आहेत, विचारून घेतलं. वायरवाले इअरफोन मात्र नाहीत माझ्याकडं, जळगाववाला दुकानातून पाठवतो म्हणालाय. पप्पा विचारत होते बघायला येता येतं का, आयोजकांना मेसेज टाकलाय, उत्तर आलं की सांगतो.